जिवाणूंवरच्या साखरेच्या साखळ्यांना प्रथिनांसारखा ठरावीक आकार असतो का?

अख्ख्या साखळीला नसतो. तिच्या तीन-चार कड्यांच्या तुकड्याला मात्र बऱ्यापैकी असतो, आणि अँटीबॉडीला तेवढं पुरतं. साखळ्या पाण्यात सैल हलत असतील तर अँटीबॉडी एकीला धरते नि दुसरीला सोडते ते कशाच्या जोरावर, हा तुमचा प्रश्न. मी जळगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, म्हणून विडाल या टायफॉइडच्या रक्ततपासणीवरूनच सांगतो.

पावसाळा लागला की आपल्याकडे ताप आलेला जो तो "भाऊ, जरा टायफाईड तपासी द्या" म्हणत येतो. स्लाइडवर सीरमचा थेंब, त्यात निळ्या अँटिजेनचा (अँटीबॉडी ज्याला धरते त्या जिवाणूच्या भागाचा) थेंब, काडीने ढवळायचं आणि स्लाइड हलवत मिनिटभर बघायचं. रवाळ दाणे दिसले की पॉझिटिव्ह. त्या निळ्या बाटलीतलं 'ओ' अँटिजेन म्हणजेच साल्मोनेला टायफी या टायफॉइडच्या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरची साखरेची साखळी. (लाल बाटल्या 'एच'च्या. ते शेपटीचं प्रथिन, इथे सोडून द्या.)

या साखळीत मॅनोज, ऱ्हॅम्नोज, गॅलॅक्टोज हीच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर मॅनोजला बाजूने एक छोटी साखर चिकटलेली असते. टायफीत टायव्हेलोज, तर त्याच्या भाऊबंद जिवाणूंपैकी पॅराटायफी ए-मध्ये पॅराटोज, टायफीम्युरियममध्ये ॲबिक्वोज. तिघींचं रासायनिक सूत्र एकच! टायव्हेलोज आणि पॅराटोज यांत फरक एवढाच, की दोन नंबरच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) एकीत साखरेच्या अणूंच्या कड्याच्या कडेला पसरतो, दुसरीत उभा राहतो. ॲबिक्वोज पॅराटोजपेक्षा वेगळी ठरते ती चार नंबरच्या कार्बनवर.

आता आकाराचं. साखरेचं कडं स्वतः फारसं वाकत नाही. वळायला जागा असते ती दोन कड्यांमधल्या ऑक्सिजनपाशी, आणि तिथले दोन कोन, फाय आणि साय, हेच सगळं ठरवतात. बहुतेक कोनांत अणू एकमेकांवर आदळतात, म्हणून मोजक्याच जागा उरतात. बैलाच्या साखळीची एक कडी शेजारच्या कडीत ठरावीकच फिरते, पण साखळी हातात धरली तर कशीही लोंबते, तसंच हे. त्यात मॅनोजच्या दोन नंबरवर गॅलॅक्टोज आणि लगेच तीन नंबरवर ही बाजूची साखर, म्हणजे तिथे इतकी दाटी की हलायला वावच कमी.

हे कळतं कसं? अख्ख्या साखळ्यांचे स्फटिक सहसा होत नाहीत. लांबी सारखी नसते आणि त्या हलतात. एनएमआर म्हणजे चुंबकाच्या मदतीने अणूंची जागा ओळखायची पद्धत. तिच्यात साधारण ५ अँगस्ट्रॉमच्या (अणूंच्या मापाचं एकक) आत असलेले हायड्रोजन एकमेकांची खबर देतात. पण ती सरासरी असते, म्हणून जोडीला संगणकावर सिम्युलेशन चालवावं लागतं. छोटा तुकडा अँटीबॉडीत अडकवला तर मात्र स्फटिक मिळतो. १९९१ साली ॲबिक्वोजवाल्या तुकड्याचा असा स्फटिक प्रसिद्ध झाला. त्यात ॲबिक्वोज अँटीबॉडीच्या खोबणीत पूर्ण बुडालेली दिसते. तिच्या तीन आणि सहा नंबरवर हायड्रॉक्सिलच नाहीत, त्यामुळे पाणी सोडून आत शिरणं तिला सोपं जातं.

बाजूची साखर वेगळी असली तरी मधली ओळ तिन्ही जिवाणूंत सारखीच. त्या सामायिक भागाविरुद्धच्या अँटीबॉडी टायफीच्या 'ओ'लाही धरतात. म्हणूनच किटमध्ये ओ, एच, एएच, बीएच (शेवटच्या दोन पॅराटायफी ए आणि बी यांच्या 'एच'च्या) अशा चारच बाटल्या येतात, पॅराटायफीचा वेगळा 'ओ' देत नाहीत. नुसता 'ओ' वाढला म्हणून टायफॉइडचा शिक्का मारून सलाइन लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. आधी ब्लड कल्चर करा, म्हणजे रक्तातला जिवाणू वाढवून बघा.

टायफॉइडच्या कॉन्जुगेट (साखरेची साखळी प्रथिनाला जोडलेल्या) लशीत मात्र ही साखळी नसते. तिच्यात 'व्हीआय' ही दुसरी साखळी असते, जी टायफीत 'ओ'वर पांघरुणासारखी बसते. पॅराटायफी ए-वर ते पांघरूणच नाही, त्यामुळे लस घेतलेल्यालाही पॅराटायफॉइड होऊ शकतो.