'बिस्किट' या शब्दाचा मूळ अर्थ काय? अमेरिकेत मऊ पावासारख्या पदार्थाला बिस्किट का म्हणतात?

मूळ अर्थ आहे 'दोनदा भाजलेलं'. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कॉक्टस' म्हणजे शिजवलेलं. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत आला. 'बिस' हा आपल्या 'द्विः'चा चुलतभाऊ आणि 'कॉक्टस'चं नातं थेट 'पच्' धातूशी, तेव्हा बिस्किटाला 'द्विपक्व' म्हणायला हरकत नाही! इंग्रज पूर्वी लिहायचेही 'बिस्केट'. पुढे फ्रेंच वळणाचं स्पेलिंग आलं, उच्चार जुनाच राहिला. 'बिस्क्विट' म्हणू नका.

दुसऱ्यांदा भाजायचं ते पाणी घालवायला. जहाजावरची बिस्किटं म्हणजे नुसतं पीठ, पाणी, फार तर मीठ. ओल उरली की बुरशी धरणार, म्हणून ती इतकी वाळवत की भिजवल्याशिवाय दात लागत नसे.

आजची कारखान्यातली बिस्किटं पातळ असल्यानं एकदाच भाजून कोरडी होतात. शब्दाला खरा जागतो तो आपल्या बेकरीतला टोस्ट: आधी पाव भाजायचा, गार करून कापायचा, मग चकत्या पुन्हा मंद आचेवर वाळवायच्या. इटालियन बिस्कॉटीही तशीच. लांबट गोळा 180 अंशांवर साधारण 25 मिनिटं, मग 10-15 मिनिटं थांबून दीड सेंटिमीटरचे तिरके काप, ते 150 अंशांवर दोन्ही बाजूंनी 10-10 मिनिटं. गरमागरम कापलात तर भुगा होतो.

अमेरिकेतलं बिस्किट मैदा, लोणी, ताक आणि बेकिंग पावडरचं, एकदाच भाजलेलं, आतून मऊ. तिथे फक्त नाव उरलं. नाश्त्याला ते सॉसेजच्या पांढऱ्या ग्रेव्हीबरोबर येतं. चहाबरोबरचं हवं असेल तर 'कुकी' मागा. तो शब्द 'छोटा केक' अशा अर्थाच्या डच शब्दावरून आलाय.

केक आणि बिस्किट यांतला फरक ब्रिटनमध्ये 1991 साली कराच्या वादात गाजला. तिथे चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर व्हॅट लागतो, केकवर नाही. शिळा केक कडक होतो, बिस्किट सादळतं. वाद होता तो जाफा केकचा, म्हणजे केकच्या छोट्या चकतीवर संत्र्याची जेली आणि चॉकलेट. शिळे झाले की ते कडक होतात, हा मुद्दाही निकालात धरला गेला. ते केक ठरले, कर टळला.

आपल्याकडे पावसाळ्यात सादळलेली साधी बिस्किटं 150 अंशांवर 5 मिनिटं परत भाजा. क्रीमची नकोत, क्रीम वितळतं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरलीत तर वाफ धरून संध्याकाळपर्यंत पुन्हा मऊ.