दोन नंबरची जर्सी

प्रिय बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री सव्वाबाराला आला. दोनदा ऐकला. पहिल्यांदा काही कळलं नाही, कारण मागं कुत्री भुंकत होती आणि तू नाक ओढत होतास. दुसऱ्यांदा कळलं. "सर, मी बॅकला नाही खेळणार. फॉरवर्डला घ्या, नाहीतर किट परत घ्या." सकाळी किट आलंसुद्धा. शेजारच्या पोराच्या हातून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिखलासकट.

हे प्रकरण व्हॉट्सॲपवर मिटण्यातलं नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घे.

आधी तुझ्या त्या गोलचं बोलून टाकू. मी टचलाइनवर उभा होतो, सगळं समोर घडलं. त्यांच्या विंगरनं क्रॉस टाकला. सगळ्यांच्या आधी तू उडी घेतलीस, हेडर मारलास. उडी चांगली होती, वेळही बरोबर होती. बॉल मात्र तू मधे टाकलास, थेट डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या, तोंडावर. तिथं त्यांचा पोरगा मोकळा उभा होता. पुढचं तुला पाठ आहे, गेले तीन दिवस तू तेच बघतोयस. गॅलरीतून तुझ्या नावानं जे ओरडले ते मी इथं लिहीत नाही. कोल्हापूरची गॅलरी आहे ती, मागच्या महिन्यात तिनंच तुला खांद्यावर घेतलं होतं.

आता दुसरा एक गोल सांगतो. ४ जुलै १९५४. स्वित्झर्लंडमधलं बर्न शहर, पाऊस, वर्ल्डकपची फायनल, हंगेरी विरुद्ध पश्चिम जर्मनी. हंगेरी चार वर्षं एकही मॅच हरलेली नव्हती. याच जर्मनीला त्यांनी दोन आठवड्यांपूर्वी ८-३ नं धुतलं होतं. फायनलमध्येही पहिल्या आठ मिनिटांत २-० झालं. अठराव्या मिनिटापर्यंत जर्मनीनं दोन्ही गोल फेडले. मग तासाभराहून जास्त वेळ हंगेरीनं मारा केला आणि बॉल काही आत जाईना. ८४ वं मिनिट. हंगेरीच्या उजव्या हाफकडून, म्हणजे मधल्या फळीतल्या बोझिककडून, जर्मनीच्या शेफरनं बॉल काढून घेतला. शेफर डावा विंगर, म्हणजे हंगेरीच्या राइट बॅकच्या अंगाचा. त्यानं क्रॉस टाकला. हंगेरीच्या बॅकनं हेडर मारून काढला, पण तो बाहेर गेला नाही. मधे पडला, डीच्या तोंडावर. तिथं जर्मनीचा हेल्मुट रान. त्यानं बॉल डाव्या पायावर घेतला आणि खालून कोपऱ्यात मारला. ३-२.

ओळखीचं वाटतंय ना? हेडर कुणाचा होता ते मी मुद्दाम लिहीत नाही. तुझं नावही मी कुणाला सांगत नाही.

मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या राइट बॅकबद्दल. त्याचं नाव बुझान्स्की येनो. बुझान्स्की आडनाव, येनो नाव. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. जन्म ४ मे १९२५. देशासाठी ४८ मॅच, गोल शून्य. हा आकडा पुन्हा वाच. ज्या टीमनं गोलांचा पाऊस पाडला, दक्षिण कोरियाला वर्ल्डकपमध्ये ९ मारले, त्या टीममध्ये सहा वर्षं खेळून या माणसाचा एकही गोल नाही. तरी हंगेरीत आजही जुनी माणसं ती टीम श्लोकासारखी म्हणतात: ग्रोशिच, बुझान्स्की, लांतोश, बोझिक, लोरांत, झाकारियाश, बुदई, कोचिश, हिदेगकुती, पुश्काश, त्सिबोर. त्यात गोलकीपरनंतर लगेच याचं नाव येतं. आपल्याकडे 'दोन नंबर' म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच येतं, पण जर्सीचा दोन नंबर म्हणजे हा.

आणखी एक गोष्ट तुझ्या उपयोगाची. या अकरा जणांपैकी दहा बुडापेस्टच्या दोनच क्लबांचे होते. एक होन्वेद, तो लष्कराचा, आणि दुसरा एमटीके. त्या काळी सरकारनं क्लब वाटून घेतले होते आणि चांगला पोरगा दिसला की लष्कराच्या क्लबात जायचा. अकरावा होता बुझान्स्की, आणि त्याचा क्लब दोरोगचा. दोरोग म्हणजे एस्टरगोमशेजारचं कोळशाच्या खाणींचं छोटं गाव. क्लबाच्या नावातच 'बान्यास', म्हणजे खाणकामगार. १९४७ ला तो तिथं आला आणि १९६० ला बूट काढेपर्यंत तिथंच खेळला. दोरोगनं लीग कधीच जिंकली नाही. १९५२ साली हंगेरीतल्या कपच्या फायनलपर्यंत मजल मारली, तेवढंच. म्हणजे बघ, एका आठवड्यात हंगेरीच्या कॅप्टनच्या, पुश्काशच्या टीममध्ये, पुढच्या आठवड्यात खाणवाल्यांच्या टीममध्ये. गोलकीपर ग्रोशिच मूळचा दोरोगचाच, तो पुढं राजधानीत गेला. हा राहिला. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हा प्रश्नच नाही. पण तू मला परवा विचारलंस ना, की आपल्या तालमीच्या टीममध्ये राहून काही होतं का. होतं, एकाचं तरी झालं होतं.

वेम्बलीबद्दल तुला पुश्काशचा तो एक तुकडा माहीत आहे, तळव्यानं बॉल मागं ओढतो आणि इंग्लंडचा कॅप्टन बिली राइट घसरत भलतीकडेच जातो. रील्सवर सगळ्यांनी पाहिलाय. मी तुला सांगेन, ती मॅच बॅकच्या डोळ्यांनी बघ. २५ नोव्हेंबर १९५३, लाखावर माणसं, ६-३. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या कुठल्याही संघानं तोवर इंग्लंडला त्यांच्या घरात हरवलं नव्हतं. बघायचं कुणाला? इंग्लंडच्या सेंटर हाफला, म्हणजे मागच्या फळीत मधे उभ्या असणाऱ्या हॅरी जॉन्स्टनला. हिदेगकुतीच्या पाठीवर ९ नंबर होता, म्हणजे तो पुढं उभा राहायला हवा. पण तो मागं सरकून मधल्या फळीत खेळत होता. जॉन्स्टननं त्याच्यामागं जावं, तर पाठीमागं पुश्काश आणि कोचिशला मोकळं रान. जागेवर थांबावं, तर हिदेगकुतीला बॉल घेऊन वळायला हवा तेवढा वेळ. बिचारा नव्वद मिनिटं ना घर का ना घाट का. हिदेगकुतीचे तीन गोल झाले, पहिला तर पहिल्याच मिनिटात. त्यात नंबरांचाही घोळ. इंग्लंडमध्ये सेंटर हाफ ५ नंबर घालायचा. हंगेरीत मागच्या तिघांना २, ३, ४, त्यामुळे मागं मधे उभ्या लोरांतच्या पाठीवर ३ आणि ५ नंबर हाफला.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघ, ती आपली बाजू. हिदेगकुती मागं येतो, बोझिक पुढं जातो, मग मागं सांभाळतं कोण? डावा हाफ झाकारियाश खाली उतरून लोरांतच्या शेजारी उभा राहायचा. असे मागं चार झाले. तू आज ज्या चारांत खेळतोस ना, ते तिथून पाझरत आलंय. मधे दोघं पक्के उभे राहिले म्हणून बुझान्स्की आणि लेफ्ट बॅक लांतोश यांना कडेनं पुढं जायची मुभा मिळाली. त्या काळातला बॅक म्हणजे धिप्पाड गडी, बॉल दिसला की हाणायचा लांब. हा चपळ होता, काढलेला बॉल पायाखाली ठेवून पास द्यायचा. फॉरवर्डांना जी मोकळीक दिसते ती अशी मागून उसनी घेतलेली असते. कोच शेबेश गुस्ताव यांनी तयारीही कशी केली, तर वेम्बलीच्या मापाचं मैदान आखून, इंग्लिश बॉल आणून सराव घेतला. नाहीतर आपण! फायनल टर्फवर आणि प्रॅक्टिस खडीवर. असो.

वेम्बलीत बुझान्स्कीच्या अंगाला आला होता जॉर्ज रॉब. टॉटनहॅमचा खेळाडू आणि शाळेत मास्तर. इंग्लंडकडून ती त्याची पहिली आणि शेवटची मॅच. सहा महिन्यांनी बुडापेस्टला परतीची मॅच झाली, तेव्हा त्या बाजूला टॉम फिनी, त्या काळातल्या भल्याभल्या बॅकांना घाम फोडणारा. हंगेरी ७-१ जिंकली. वर्तमानपत्रात सात गोल कुणी केले ते छापून येतं. फिनीला किती वेळा कोपऱ्यात कोंडलं, याचा रकाना तेव्हा नव्हता, आजही आपल्याकडच्या पेपरात नाही. याची तुला चीड येते ते मला कळतं. मलाही यायची. अकरा वर्षं बॅकला खेळलो, पेपरात नाव एकदा आलं, तेही चुकीचं छापलं होतं.

हो, एक राहिलंच. १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक तुला खाशाबा जाधवांमुळे पाठ आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये आपली फुटबॉल टीम युगोस्लाव्हियाकडून १०-१ हरली. काही जण अनवाणी खेळले होते. फायनलला त्याच युगोस्लाव्हियाला हंगेरीनं २-० नं हरवलं. बुझान्स्कीच्या गळ्यात सोनं त्या दिवशी पडलं. खाशाबांचं ब्राँझ त्याच्या दहा दिवस आधीचं.

पुन्हा बर्नकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथून पुढची आहे. हरल्यावर बुडापेस्टच्या रस्त्यांवर लोकांनी दंगा केला. टीमची गाडी राजधानीत न नेता टीमला आधी ताता या बाहेरच्या गावातच उतरवून घेतलं. तुझ्यावर गॅलरी ओरडली, त्यांच्यावर अख्खा देश खवळला होता. ग्रोशिचला तर वर्ष संपायच्या आत हेरगिरीच्या संशयावरून पकडलं. आणि बुझान्स्की? तो दोरोगला गेला आणि लीग खेळायला लागला. देशाच्या टीममध्येही राहिला. बर्ननंतर त्या टीमनं पुन्हा दीड वर्ष हार पाहिली नाही, ही गोष्ट कुणी सांगत नाही. हंगेरीत १९५६ ला सरकारविरुद्ध उठाव झाला, त्यानंतर पुश्काश, कोचिश, त्सिबोर परदेशी राहिले, टीम फुटली. हा त्यानंतर आणखी चार वर्षं खाणवाल्यांसाठी खेळला, मग कोच झाला. ११ जानेवारी २०१५ ला गेला, ८९ वर्षांचा होऊन. त्याआधी सहासात महिने ग्रोशिच गेला होता, म्हणजे त्या अकरातला हा शेवटचा. दोरोगच्या मैदानाला आज त्याचं नाव आहे.

आता कामाचं. हेडर बाहेर काढायचा, मधे नाही, हे तुला पहिलीतलं पोरगंही सांगेल. पण बाहेर जात का नाही, ते सांगतो. तू बॉलकडे समोरून तोंड करून उभा होतास. क्रॉस कडेनं येतो तेव्हा छाती अर्धी बाजूला वळलेली हवी, म्हणजे मान फिरवायला जागा मिळते. सरळ छातीनं मारलेला हेडर आला तसाच मधे परत जातो. दुसरं, क्रॉस यायच्या आधी तू एकदाही मागं वळून बघितलं नाहीस. मी मोजलं. एकदा खांद्यावरून नजर टाकली असतीस तर डीवरचा तो पोरगा तुला दिसला असता, किंवा निदान तू आपल्या हाफला शिवी घातली असतीस. बॅकनं तोंड बंद ठेवून खेळू नये. तू घरी किती बोलतोस ते तुझ्या आईनं मला सांगितलंय, त्यातलं निम्मं ग्राउंडवर आण. आणि विंगर समोर आला की पाय टाकायची घाई करतोस, ती सोड. त्याला टचलाइनकडे ढकलत ने. लाइन ही तुझ्या टीममधली बारावी आहे, ती कधी दमत नाही आणि चुकतही नाही.

फॉरवर्डला घ्या म्हणतोस, घेऊ. जानेवारीत चार फ्रेंडली आहेत, त्यातल्या एका मॅचला तुला नऊ नंबर देतो. बॉलची वाट बघत वीस वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं म्हणजे काय, तेही कळू दे.

शनिवारी सकाळी सहाला ये. दोघंच. मी क्रॉस टाकतो, तू बाहेर काढ. माझ्या डाव्या गुडघ्याचा भरवसा नाही, त्यामुळे काही बॉल तुझ्या कमरेएवढेच येतील, ते पायानं काढ. घरून चहा पिऊन येऊ नकोस, नंतर कोपऱ्यावर मिसळ खाऊ.

तुझा,
सर

ता. क. किटमधला एक मोजा कमी आहे. घरी पलंगाखाली बघ. जर्सी धुतली, चिखल निघाला, दोन नंबर जरा फिका पडलाय. दोरीवर वाळत घातलीय.