बँकॉक: नकाशात जवळ, रस्त्यावर लांब

आम्ही चौघे पहाटे चारला सुवर्णभूमी विमानतळावर उतरतो. हॉटेल सुखुमवित भागात, असोक स्टेशनजवळ आहे. रेल्वेने जावं की टॅक्सीने? (नाशिक)

त्या वेळी टॅक्सीच. विमानतळाची रेल्वे सुरू व्हायला सकाळचे साडेपाच-सहा वाजतात, आणि चार बॅगा घेऊन वाटेत गाडी बदलण्यात अर्थ नाही. सामान घेऊन बाहेर आलात की तळमजल्यावर जा. तिथल्या यंत्रातून चिठ्ठी निघते, तिच्यावरच्या क्रमांकाच्या रांगेत तुमची टॅक्सी उभी असते. चिठ्ठी शेवटपर्यंत जवळ ठेवा. वाद झालाच तर गाडीची नोंद तिच्यावरच असते. मीटर ३५ बाटपासून (बाट म्हणजे थाई चलन) सुरू होतो (मोठ्या गाडीचा ४०). त्यावर विमानतळाचे ५० बाट आणि द्रुतगती मार्गाचा टोल. टोल नाक्यावरच द्यायचा असतो, त्यामुळे सुट्ट्या नोटा हाताशी असू द्या. हॉलमध्येच गाठून ‘फिक्स रेट’ सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

दिवसा, हलक्या सामानाने आलात तर रेल्वे उत्तम. फया थाय या शेवटच्या स्टेशनापर्यंत ४५ बाट आणि अर्धा तास. असोकसाठी मात्र तिथवर जायची गरज नाही. मक्कासानला उतरा, पुलावरून चालत फेत्चबुरी मेट्रो गाठा. तिथून सुखुमवित पुढचंच स्टेशन. मेट्रोचं सुखुमवित आणि स्कायट्रेनचं असोक वरखाली एकाच चौकात आहेत.

एक गंमत लक्षात ठेवा. परतताना ड्रायव्हरला ‘सुवर्णभूमी’ म्हणालात तर तो गोंधळेल. थाई उच्चार ‘सुवन्नफूम’ आहे. तसंच आपल्या कानाला ‘राजदेवी’ वाटणारं स्टेशन तिथे ‘रात्चथेवी’ असतं. नावं संस्कृतातली असली तरी उच्चार थाई आहेत. हॉटेलचा पत्ता थाई लिपीत फोनवर ठेवा.

रोज तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं नाही. सगळीकडे चालणारं एकच कार्ड आहे का? (पुणे)

नाही, आणि नवखा माणूस पहिला अडखळतो तो इथेच. उंचावरून धावणारी स्कायट्रेन आणि मेट्रोची निळी मार्गिका या दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एकीतून दुसरीत जाताना बाहेर पडून नवं तिकीट काढावं लागतं. स्कायट्रेनचं रॅबिट कार्ड (घेताना पासपोर्ट लागतो) निळ्या मार्गिकेच्या गेटवर चालत नाही. निळ्या मार्गिकेवर मात्र व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट गेटला टेकवता येतं.

इथे चुकतं काय? आपल्या बँका नव्या कार्डावर परदेशी वापर आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही बंद ठेवूनच देतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही सुरू करा. आत जाताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडतानाही टेकवायचं, आणि एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायको असाल तर दोन कार्डं. कार्ड नसेल तर काळं प्लास्टिकचं टोकन मिळतं. आत जाताना ते टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं.

असोकहून राजवाडा आणि वाट फो (देऊळ) पाहायचे आहेत. सोबत सत्तरीचे आईवडील आहेत. (कोल्हापूर)

सुखुमवितहून निळ्या मार्गिकेने सनम चाय हे नववं स्टेशन. फलाटावर ‘लाक सोंग’ दिशेची गाडी आहे ना, ते पाहूनच चढा. ही मार्गिका सरळ रेघेसारखी नाही, इंग्रजी नऊसारखी वळलेली आहे. ‘बांग सूमार्गे था फ्रा’ लिहिलेली गाडी उलट्या दिशेने शहराला वळसा घालते आणि तास वाया जातो.

सनम चायहून वाट फो पाच मिनिटांवर. राजवाड्याचं पर्यटकांचं दार मात्र पलीकडच्या, उत्तरेकडच्या बाजूला. तटाच्या कडेने उन्हात पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. आईवडिलांसाठी नाव बरी. स्कायट्रेनने सफान ताक्सिनला उतरा, खालीच साथोन धक्का. नारिंगी झेंड्याची बोट सरसकट १६ बाट घेते. धक्क्यावर शिरताच ‘टुरिस्ट बोट’ म्हणत निळ्या झेंड्याचं महागडं तिकीट पुढे केलं जातं. ते नको असेल तर नारिंगी झेंड्याची खिडकी विचारा. था चांग धक्क्यावर उतरलात की राजवाडा समोरच. चढताना-उतरताना बोट क्षणभरच टेकते, म्हणून आधीपासून दाराशी थांबा आणि वडीलधाऱ्यांचा हात धरा.

राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, तिकिटं दुपारी साडेतीनपर्यंत. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. बाहेर एखादा नीटनेटका माणूस सांगेल, ‘आज बंद आहे, टुकटुकने स्वस्तात दुसरी देवळं दाखवतो.’ ती फेरी रत्नांच्या दुकानात संपते. दारापर्यंत स्वतः जाऊन पाहा.

स्टेशनांना लिफ्ट असते, पण प्रत्येक दाराला नाही. सरकता जिनाही कुठे कुठे फक्त वर जाणारा. आत शिरतानाच लिफ्टचं चिन्ह असलेलं दार शोधा.

ॲपवर गाडी बोलावली की नकाशात दोन मिनिटं दिसते आणि वीस मिनिटं येत नाही. का? (ठाणे)

बहुधा तुम्ही रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभे असता. सुखुमवितच्या एका बाजूला विषम क्रमांकाच्या गल्ल्या (सोय) आणि दुसऱ्या बाजूला सम. क्रमांक समोरासमोर जुळतही नाहीत. थोंग लो स्टेशनवर एका अंगाला सोय ५५, तर समोर सोय ३८. मधल्या दुभाजकामुळे गाडीला लांब जाऊन वळून यावं लागतं. आधी पादचारी पुलावरून पलीकडे जा, मग गाडी बोलवा.

संध्याकाळी साडेचार ते साडेसात, त्यात पाऊस असेल तर गाडीच बोलवू नका. मीटर नाकारणाऱ्या टॅक्स्याही तेव्हाच भेटतात. घासाघीस न करता दार लावून पुढची पाहा. स्टेशनपासून लांब गल्लीत आत जायचं असेल तर नारिंगी जॅकेटवाला दुचाकीस्वार बरा. भाडं आधी विचारा, हेल्मेट मागून घ्या.