नावं पुसली तरी बाग ओळखू येते

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची छोटी कंपनी आहे. द्राक्षबागांत हवामान यंत्रं बसवतो, केवडा-भुरी या द्राक्षांवरच्या रोगांचा इशारा बागायतदारांच्या मोबाइलवर पाठवतो. सहा हंगामांची माहिती साठलीय. कृषी महाविद्यालयातली मुलं ती अभ्यासाला मागतात. मला द्यावीशी वाटते. भागीदार म्हणतो, घरचं धान्य चव्हाट्यावर कशाला सांडायचं? – एक वाचक, निफाड

उत्तर : तुमच्या भागीदारांची भीती खरी आहे, फक्त चुकीच्या जागी आहे. ते स्पर्धकाला घाबरतात. मला तुमच्या बागायतदारांची काळजी वाटते.

कॅनडातल्या गोल्डकॉर्प कंपनीच्या रेड लेक खाणीत सोनं सापडेनासं झालं होतं. 2000 साली तिचे प्रमुख रॉब मॅकइवेन यांनी भूगर्भाची सगळी माहिती इंटरनेटवर टाकली आणि सोनं कुठे खणावं हे सांगणाऱ्यांना बक्षिसं लावली. खाणवाले ही माहिती तिजोरीत ठेवतात, त्यामुळे लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण बाहेरच्यांनी कंपनीच्या ध्यानीमनी नसलेल्या जागा दाखवल्या आणि तिथे सोनं निघालं. खडकाला अब्रू नसते, म्हणून हे निभावलं.

माणसांच्या माहितीचं तसं नाही. 2006 मध्ये नेटफ्लिक्सने सुमारे 4 लाख 80 हजार ग्राहकांनी सिनेमांना दिलेले 10 कोटी गुण, नावं काढून, स्पर्धेसाठी खुले केले. बक्षीस 10 लाख डॉलर. कोणाला कोणता सिनेमा आवडेल हे सांगणाऱ्या शिफारशी सुधारल्या, 2009 मध्ये बक्षीसही दिलं गेलं. पण टेक्सास विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी ते गुण दुसऱ्या संकेतस्थळावरच्या उघड अभिप्रायांशी जुळवून काही माणसं ओळखून दाखवली. 2010 मध्ये कंपनीला पुढची स्पर्धा गुंडाळावी लागली.

हाच पराक्रम मी स्वतः केलाय. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये संगणक सांभाळत होते. एका विद्यार्थ्याला रिपोर्टांची यादी दिली. नावं काढली, वय आणि गाव ठेवलं. त्या गावात एक्क्याण्णव वर्षांच्या आजी एकच होत्या, आणि विद्यार्थी त्याच गावचा. आजींची साखर त्यांच्या सुनेआधी त्याला कळली. अजून आठवलं की कान गरम होतात.

तेव्हा तापमान, पाऊस, आर्द्रता, पानावरचा ओलावा बिनधास्त द्या. गट नंबर नको, गावापाशी थांबा. फवारणीच्या नोंदी, छाटणीची तारीख, एकरी माल हे मात्र उघड्यावर नको. कोणाची बाग कधी उतरणार आणि तिच्यावर किती औषध मारलंय हे व्यापाऱ्याला कळलं, की भाव तिथेच पडतो. मुलांना त्या नोंदी लागल्याच तर बागायतदाराची परवानगी घ्या, महाविद्यालयाशी लेखी करार करा आणि काम तुमच्याच कार्यालयात बसून करू द्या. 2023 चा डेटा संरक्षण कायदा वकिलाकडून एकदा समजून घ्या.

भागीदारांना एक सांगा : तुमची काही यंत्रं नक्कीच चुकीचं दाखवत असणार (औषधाचा थर बसलेला सेन्सर कोरड्या पानालाही ओलं म्हणतो). ती मुलं फुकटात शोधून देतील.

यादी बाहेर पाठवण्याआधी नावाचा रकाना झाका आणि यंत्रं दुरुस्त करत बागाबागांतून फिरणाऱ्या तुमच्या पोराला ती दाखवा. ज्या ओळीवर तो ‘ही तर अमक्या भाऊंची’ म्हणेल, ती काढून टाका.