टाइप २ मधुमेह नुकताच निघालाय. आता गोळ्या जन्मभर का?

जन्मभर लागतीलच असं नाही, पण त्याचा निकाल पहिल्या महिन्यात लागत नसतो, तेव्हा आत्ताच त्यावर झोप घालवू नका. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत वजन जास्त असलेल्या आणि निदानाला ६ वर्षांहून कमी काळ झालेल्या रुग्णांनी देखरेखीखाली वजन उतरवलं. वर्षानंतर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. १५ किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत ८६ टक्के. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी कमी झाली की इन्शुलिनचं गाडं बऱ्याच जणांत पुन्हा रुळावर येतं. मात्र इन्शुलिन घेणारे त्या चाचणीत नव्हते, आणि अंगाने बारीक असलेल्यांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. गोळी परस्पर बंद करू नका. 'गोड खाल्लं म्हणून ओढवून घेतलं' हा अपराधीपणाही सोडा. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. त्यापेक्षा डोळ्यांचा पडदा, पाय आणि लघवीतली प्रथिनं आत्ताच तपासून घ्या, कारण हा आजार पुष्कळदा निदानाआधी काही वर्षं गुपचूप चालू असतो.