तुमचे प्रश्न : कंट्रोल लाइनचं विमान, डोप आणि आपलं खान्देशी हवामान

मागच्या महिन्यात कंट्रोल लाइन स्टंट विमानाच्या बांधणीवर लिहिलं होतं, तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली आणि त्यात बांधणीबद्दल थोडं, रंगाबद्दलच जास्त. ज्यांच्या हातून तो अंक सुटला त्यांच्यासाठी दोन ओळी. हे रिमोटचं विमान नाही. उडवणारा मधे उभा, हातात हँडल, हँडलपासून विमानापर्यंत स्टीलच्या दोन बारीक तारा, साधारण १८-१९ मीटरच्या. विमान गोल फिरतं, मनगट वरखाली केलं की पंखातला बेलक्रँक, म्हणजे तारा जोडलेली खिट्टी, फिरतो, पुशरॉडच्या दांडीने एलेव्हेटर, म्हणजे शेपटीची पट्टी, हलतो, स्टंटच्या विमानात फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, त्याही त्याच्या उलट दिशेने सोबत हलतात. लूप, उलटं उडणं, आठचा आकडा, सगळं त्या दोन तारांवर. आणि डोप म्हणजे पंखावरचा कागद ताणून घट्ट करणारं, लॅकरसारखं द्रावण. आता पत्रं.

प्रश्न : राम राम. कॉलेजात एनसीसी एअर विंगला होतो, तेव्हाची हौस आता पोराच्या निमित्ताने परत सुरू करेल आहे. ५० इंची पंखाचं विमान बांधून झालं, टिश्यू कागद चढवला, ऑगस्टमध्ये डोप मारला तर सगळा पंख पांढरा धुरकट पडला. डोप खराब निघाला का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : डोप चांगला आहे भाऊ, महिना चुकला. डोपमधलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पंखाचा पृष्ठभाग गार पडतो आणि पावसाळी हवेतली वाफ त्याच्यावर बसते, ती ओल्या डोपमध्ये अडकली की पांढरा पडदा. फर्निचरचं लॅकर मारणारा पेंटर याला ब्लश म्हणतो आणि त्याला विचारलं तर तो उपायही सांगेल, रिटार्डर. थिनरमध्ये थोडं रिटार्डर टाकलं की ते हळू उडतं आणि ओल बाहेर पडायला वेळ मिळतो. तुमचा पंख वाया गेलेला नाही, खरडत बसू नका. चांगलं कोरडं ऊन पडेल त्या दिवशी दुपारी रिटार्डर मिसळलेलं थिनर, त्यात अगदी थोडा डोप, असा एक पातळ हात फिरवा, खालचा थर परत मऊ होतो आणि पांढरेपणा निघून जातो.

आता तुम्ही म्हणाल मग उन्हाळ्यात करू. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्री, ब्रश अर्ध्या पंखापर्यंत जाईस्तोवर मागचं वाळलेलं असतं, ब्रशच्या रेघा तशाच राहतात, आणि स्प्रे मारला तर थेंब हवेतच सुकून पंखावर खरखरीत भुकटी बसते. म्हणून लोक काय करतात तर कूलर लावून खोलीत बसतात. अरे पण डेझर्ट कूलर म्हणजे खोलीत पाणीच फेकणं की! भर मे महिन्यात ब्लश आणायचा असेल तर कूलरसमोर डोप मारावा. फिनिशिंगचे आपले दिवस दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत, सकाळी दव उतरल्यावर दहा-अकराला सुरुवात, चारला बंद. पावसाळ्यात लाकूडकाम करा, रिब म्हणजे पंखाच्या फासळ्या कापा, फ्यूजलाज म्हणजे धड बांधा. डोपचा डबा उघडू नका.

प्रश्न : माझं विमान रंगाआधी ९८० ग्रॅम होतं, रंगानंतर १२६० झालं. चमक एक नंबर आहे, बघणारे म्हणतात गाडीचा पेंट वाटतो, पण लूपमधून बाहेर येताना खाली बसतं. किती कोट मारायचे असतात?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : २८० ग्रॅम रंग! भाऊ तुम्ही विमानाला गाडीचाच पेंट दिला आहे. या आकाराच्या विमानाला कागद, डोप, रंग, वरचा पारदर्शक क्लिअर सगळं धरून शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसवता येतं आणि तेही चकचकीत. कोट मोजू नका, वजन मोजा, किराणा दुकानात चालतो तसला डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येक टप्प्यानंतर लिहून ठेवा.

चमक रंगातून येत नाही, खालच्या लाकडातून येते. नुसतं लाकूड असतानाच २४० नंबर, मग ३२० नंबर पेपर, तोही लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, बोटाने घासलं की दोन रिबच्या मधे खळगे पडतात. बोटाचं टोक डोळे मिटून फिरवायचं, जोड लागला म्हणजे अजून घासायचं आहे. मग निम्मं थिनर टाकलेला क्लिअर डोप, दोन हात, परत हलका ४०० नंबर, त्यावर कागद. कागदाचे धागे पंखाच्या लांबीत. कागद ठेवून वरून थिनर-डोप मुरवायचा म्हणजे खालचा थर विरघळून तो चिकटतो. त्यावर पातळ डोपचे तीनचार हात, मग टाल्कम पावडर आणि डोपचं फिलर. आता मुख्य गोष्ट. फिलर लावायचं ते काढायला. लावलेल्यातलं बहुतेक सगळं पेपरने उतरलं पाहिजे, छिद्रांत आणि धाग्यांमधे अडकलेलं तेवढंच राहिलं पाहिजे, बोर्डावर पांढरी धूळ नाही साचली तर ती पंखावरच राहिली समजा. भुसावळकर, तुमचे दीडशे ग्रॅम तिथेच बसले असणार.

क्लिअर चढेपर्यंत पाण्याचा पेपर बिलकुल नाही, एखाद्या सुईएवढ्या छिद्रातून पाणी आत गेलं की बाल्सा, म्हणजे आपलं हलकं लाकूड, फुगतो. रंगात पांढरा आणि पिवळा झाकायला जास्त लागतात, लाल मारायचा म्हणून खाली अख्ख्या विमानाला पांढरा बेस देण्याची हौस सोडा, जिथे लाल तिथेच बेस. आणि शेपटीकडे हात आखडता ठेवा. साधारण विमानात शेपूट सीजीपासून, म्हणजे गुरुत्वमध्यापासून, नाकाच्या दुपटी-अडीचपटीने लांब असते, म्हणजे शेपटीवर १० ग्रॅम रंग जास्त झाला की नाकात २०-२५ ग्रॅम शिसं घालावं लागतं. तुमचं लूपमधून बाहेर येताना बसणं त्यातूनही असेल, सीजी एकदा तपासा. आहे तो रंग मात्र उतरवू नका, कागदासकट निघेल. याच्यावर शिका आणि पुढचं हलकं करा.

प्रश्न : बाल्सा फार महाग पडतो आणि कुरियरमध्ये तुटून येतो. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला काटेसावर मुबलक आहे, लाकूड एकदम हलकं. त्याच्यात होईल का?
— एक वाचक, यावल

उत्तर : काटेसावर हातात हलकी वाटते, काट्यावर नाही. स्टंटला आपण जो बाल्सा निवडतो तो घनमीटरला ८०-१०० किलोवाला, काटेसावर त्याच्या तिपटीच्या पुढे जाते. पंखाच्या रिब आणि वरची शीट यात नकोच. शिकाऊ विमान, म्हणजे फ्यूजलाज नुसतं एका फळीचं असलेलं, त्यात ही फळी हलक्या लाकडाची चालून जाते, पण मग पंख तरी बाल्साचा ठेवा. इंजिन ज्याच्यावर बसतं त्या दोन पट्ट्यांना मात्र बाल्सा किंवा सावर दोन्ही कामाचे नाहीत, तिथे टणक लाकूड, वखारीत बीच मिळतं ते घ्या. साग वापरायचाच असेल तर चिकटवण्याआधी थिनरने पुसा, सागाच्या अंगच्या तेलामुळे इपॉक्सी धरत नाही. कुरियरवाल्याला काय सांगणार, बाल्साच्या दोन्ही बाजूंना प्लायचे तुकडे लावून बांधून पाठवा असं दुकानदाराला सांगायचं, ऐकला तर ऐकला.

प्रश्न : डोप मारेपर्यंत पंख सरळ होता, आठवड्याने बघितलं तर पापडासारखा वाकला. उडतं पण एक पंख खाली धरून उडतं. नवीन पंख बांधू का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : थांबा, करवत ठेवा खाली. डोप वाळताना कागद ताणतो आणि दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसला की पंख पिळतो. वरून आज मारला, खालून परवा मारला, असं झालं असणार. दोन्ही बाजू एकाच बैठकीत करायच्या आणि पंख सपाट बोर्डावर ठोकळे लावून, टाचण्यांनी अडकवून वाळू द्यायचा. जुने लोक डोपमध्ये एरंडेलाचे काही थेंब टाकतात ते यासाठीच, डोप थोडा लवचिक राहतो आणि अति ताणत नाही.

पण आधी हे ठरवा की दोष पिळाचाच आहे. विमान सरळ उडवा, गोलाच्या मधून पंखाकडे बघा, मग उलटं उडवा आणि परत बघा. बाहेरचा, म्हणजे तुमच्यापासून लांबचा, पंख दोन्ही वेळा खाली असेल तर त्याच्या टोकात भरलेलं वजन जास्त झालं, थोडं काढा. सरळ असताना खाली आणि उलटं असताना वर असेल तर पिळ आहे. पिळ थोडा असेल तर पंखाला हात लावायची गरजच नाही, सरळ उडताना जो पंख खाली राहतो त्याचा फ्लॅप, तो हलवणाऱ्या हॉर्नची तार वाकवून, अगदी केसभर खाली घ्या, एवढ्यात काम होतं. जास्त असेल तर किटलीच्या वाफेवर पंख धरायचा, डोप गरम होऊन सैल पडतो, उलट्या बाजूला थोडा जास्तच पिळायचा आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. दोन माणसं लागतात. घरातल्यांना आधी सांगून ठेवा कारण चहाची किटली डोपच्या वासाने भरते आणि मग महिनाभर ऐकावं लागतं.

प्रश्न : सर, मी एनसीसी एअर विंगची कॅडेट आहे. विमान डोक्यावर आलं की तारा ढिल्या पडतात आणि हँडलचं ऐकत नाही. भीती वाटते.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : भीती वाटते हे बरोबर आहे बेटा, ढिल्या तारेवर कंट्रोल राहतच नाही. हिशोब असा बघ. सव्वा किलोचं विमान, १९ मीटर तार, ५.२ सेकंदाला एक फेरी, म्हणजे ताशी ८०-८५ किलोमीटर, तेव्हा हाताला साडेतीन किलोच्या आसपास ओढ लागते. डोक्यावर आलं की त्यातून विमानाचं स्वतःचं वजन वजा होतं आणि चढताना वेग पडतो तो वेगळाच, ओढ दीड किलोच्याही खाली जाते. म्हणून वेग आधी बघ, फेरीला सहा सेकंद लागत असतील तर प्रॉपेलर किंवा मिक्स्चर, म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण, बघायला हवं. मग बाहेरच्या टोकाला २५-३० ग्रॅम वजन आहे का, लीडआउट, म्हणजे बेलक्रँकपासून निघालेल्या तारा, पंखातून बाहेर पडतात त्या सीजीच्या दीड-दोन सेंटीमीटर मागे आहेत का हे बघ. आणि वारा. सगळ्या कसरती वारा पाठीवर घेऊन, वाऱ्याच्या खालच्या बाजूला करायच्या, म्हणजे वारा विमानाला बाहेर ढकलतो. तू बहुतेक वाऱ्याकडे तोंड करून करते आहेस. हँडलचा बंद मनगटात अडकवल्याशिवाय उडवायचं नाही, हे तुमचे इन्स्ट्रक्टर सांगतच असतील. स्पर्धेत विमानाच्या वजनाच्या दहा पट ओढ देऊन तारा तपासतात, तुम्ही सरावातही ते करा.

प्रश्न : ग्लो इंजिन घेऊ की इलेक्ट्रिक? आणि साधा डोप चालेल ना?
— एक वाचक, शहादा

उत्तर : रंगाचा प्रश्न इथेच ठरतो. ग्लोचं इंधन म्हणजे मेथेनॉल, एरंडेल आणि थोडं नायट्रोमिथेन, साधा नायट्रेट डोप त्याने विरघळतो. मग वरून ब्युटिरेट डोप किंवा टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन, क्लिअर लागतं. ब्युटिरेट नायट्रेटवर चालतं, उलटं केलं तर नायट्रेट नीट धरत नाही. पीयू मारताना चांगला मास्क घाला, रुमाल नाही, त्यातलं हार्डनर फुप्फुसाला वाईट. मेथेनॉल विषारी आहे आणि उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, डबा लेकरांपासून लांब. इलेक्ट्रिक घेतलं तर हे सगळं टळतं, नुसत्या नायट्रेटवर भागतं आणि वरच्या कोटाचं वजन वाचतं. मला इंजिन आवडतं, चढताना त्याचा आवाज बदलतो ना, त्याच्यासाठी. पण शहाद्यात ग्लो इंधन मागवत बसण्यापेक्षा चार सेलची लिपो बॅटरी आणि मोटरचा टायमर घ्या असंच सांगेन. बॅटरी मात्र मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

प्रश्न : आमचं दीड एकर रान कपाशी निघाल्यावर मोकळं असतं. बांधावरून विजेची लाइन जाते, पण ती कडेला आहे. तिथे उडवलं तर चालेल का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : त्या बाजूला नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. स्टीलची तार, हातात हँडल, आणि विमान डोक्यावर तारेच्या लांबीएवढं उंच जातं, म्हणजे शेतातल्या विजेच्या खांबाच्या दुप्पट उंच. तार तुटली किंवा वाऱ्याने गोल सरकला तर विमान लाइनवर जाईल, आणि ११ हजार व्होल्टची लाइन चिकटायची वाट बघत नाही, जवळ आलं तरी झेप घेते. दोऱ्याच्या लाइन लावल्या तरी भरवसा धरू नका. तुमच्या गोलाच्या कडेपासून विजेची लाइन निदान अजून एका तारेच्या लांबीएवढी तरी लांब पाहिजे, दीड एकरात ते बसत नसेल तर शाळेचं मैदान मागा. मे-जूनमध्ये वळवाचं आभाळ गडगडलं की तारा गुंडाळायच्या.

जागा मिळाली की पऱ्हाट्या उपटून घ्या, काळ्या मातीच्या भेगा बुजवा. सगळं रान सपाट करायची गरज नाही, चाकं जिथून धावतात तेवढी गोलाच्या कडेची दोन मीटरची पट्टी रोलरने दाबली की झालं. सकाळी सात ते नऊ उडवा, दुपारनंतरच्या वाऱ्यात नवं विमान काढू नका.