एडीएचडी (लक्ष टिकवणे अवघड करणारी मेंदूविकासाची स्थिती) असताना कार्यालयातील तोंडी सूचना निसटू नयेत म्हणून काय करावे?
परभणीत लिपिक म्हणून काम करताना साहेबांनी जाता-जाता सांगितलेली कामे डोक्यातून निसटतात, असे आपण लिहिले आहे. यात स्मरणशक्तीवर भिस्त ठेवूच नये. सूचना मिळताच ‘उद्या चारपर्यंत जावक नोंदवही पूर्ण करतो, बरोबर ना?’ असा संदेश त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवावा, म्हणजे काम, मुदत आणि पुरावा एकाच ठिकाणी राहतात (शिवाय साहेबांनाही स्वतः काय सांगितले होते ते आठवते). मोठी फाईल असल्यास केवळ पहिली टिप्पणी लिहिण्यापुरते बसावे, कारण अडचण बहुधा सुरुवातीचीच असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे लेखी सूचनांची विनंती कामाच्या सोयीसाठी म्हणून मांडणे मला अधिक व्यवहार्य वाटते.